घरपट्टीतून आलेला बाक

प्रिय शीला,

अनेक आशीर्वाद. शाळा सुटली की आपण दोघी फ्रॉकच्या झोळीत बोरं घेऊन ओट्यावर बसायचो, बिया रस्त्यावर फेकायचो आणि आई आतून ओरडायची, ते आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. तुझा गुडघा कसा आहे? बजाजनगरला पाणी वेळेवर येतं ना? माझी तब्येत ठणठणीत आहे. ओटा तेवढा गेला.

घाबरू नकोस, सविस्तर लिहिते. घरपट्टी भरण्यात गल्लीत माझा पहिला नंबर, हे तुला ठाऊकच आहे. (शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त, तेव्हा गृहपाठ, आता घरपट्टी.) यंदा त्या पैशातून जुन्या गल्ल्या सुधारायचं ठरलं आणि रहिवाशांची सभा भरली. बाकीचे गटारं आणि दिवे मागत होते. मी उठले, हात मागे बांधले (सवय जात नाही) आणि म्हाताऱ्या माणसांना गल्लीत बसायची सोय हवी, असं खणखणीत सांगितलं. टाळ्या पडल्या. मग एक तरुण इंजिनिअर टेप घेऊन आला. फार नम्र मुलगा. इथं लोक कुठं बसतात, असं त्यानं विचारलं, तर मी अभिमानानं आपल्याच ओट्याकडे बोट दाखवलं. त्यानं मोजलं, तेव्हा कळलं की ओटा आजोबांच्या काळापासून रस्त्याच्या जागेत आहे. चहा पिऊन त्यानं ओट्यावर खडूनं फुली मारली. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं गं!

ओटा पाडला, आता तिथं चकचकीत पोलादी बाक आहे. दिसतो छान, पण आपल्याकडचं ऊन! मालनबाई (पिशोरची, ओट्यावर भाजीची पाटी टेकवायची तीच) पहिल्या दिवशी बसली आणि उडालीच. "बाई, बाक मागितला का तवा? भाकर टाकू का यावर?" मी म्हटलं, संध्याकाळी गार होतो. तर म्हणते, "सांजच्याला म्या घरी नाय जायचं व्हय?"

खोटं कशाला सांगू, दार उघडलं की पाऊल अजून ओट्यावर पडायला जातं आणि हवेतच राहतं.

ओट्याचे दगड तेवढे मी राडारोडा नेणाऱ्या ट्रॉलीपुढं उभी राहून मागून घेतले. (कुणी अडवलं असतं तर घरपट्टीची पावती दाखवणार होते.) त्यांच्या वाटण्या अशा. पायरी माझ्या इंद्रजीतला. गंगापूरला नवं घर बांधतोय, त्यात काहीतरी जुनं असावं. मोठी फरशी मालनबाईला. तू खिळ्यानं कवड्यांचा पट कोरला होतास तो दगड तुझा. टेम्पोनं पाठवते.

तुझी,
ताई

ता. क. मालनबाईनं तिची फरशी बाकाशेजारीच मांडली. आता सगळी गल्ली फरशीवर बसते. बाकावर मी पापड वाळत घालते.

आणखी एक. टेम्पोला नको म्हणून सांगितलं. दगड न्यायला तूच ये. एक डाव मांडू. तू जिंकलीस तर दगड तुझा. मी जिंकले तर दगड इथंच, आणि तू आठ दिवस माझ्याकडे. कवड्या मी काढून ठेवल्यात, बोरं तू आण. बिया मात्र रस्त्यावर टाकायच्या नाहीत. तो आता माझ्या घरपट्टीचा आहे.