साडेतीन रोट्यांचं गणित

४ फेब्रुवारी १९३५

आजही एकीनं तोंड उघडलं नाही! चौथीच्या पोरी, नुसत्या खाली माना घालून बसल्या. जुन्या पुस्तकातली शिपायांच्या शिध्याची, विटांच्या भिंतीची गणितं मीच काढून टाकली. यांच्या घरातली घातली — चार भाऊ, प्रत्येकाला साडेतीन रोट्या, एकूण रोट्या किती? याहून सोपं काय देऊ?

महिनाअखेर तपासनीस बाई परीक्षा घ्यायला येणार, नमुन्याला आमचाच वर्ग. आमच्या पोरींना जमलं नाही तर काशीतल्या म्युनिसिपालिटीच्या सगळ्या कन्याशाळांतून गणित बंद, त्या जागी शिवण. मग बनिया सांगेल तोच हिशेब यांनी जन्मभर खरा मानायचा.

७ फेब्रुवारी

गंगाला मारलं. सगळ्यांत हुशार तीच, म्हणून राग तिच्यावर. रडली नाही. म्हणे, "आता है बहिनजी, पर बोलेंगे नहीं." मी आणखी एक दिली.

८ फेब्रुवारी

डोकं फुटायची वेळ आली आहे.

१० फेब्रुवारी

जेवायला पाहुणे होते. पोळ्या मोजायला घेतल्या, तर कालिंदीआत्या — यांची आत्या — माझ्यावर खेकसल्या, "मोजू नकोस गं! बरकत जाते."

हात तिथंच थांबला. रोट्या मोजायच्या नाहीत. भाऊ तर मुळीच नाहीत, नजर लागते! लहानपणी भावंडं मोजली म्हणून आईनं मलाही चिमटा काढला होता. आणि मी पोरींना नेमकं तेच मोजायला लावतेय. असली कसली मी मास्तरीण!

११ फेब्रुवारी

भावांच्या जागी टोपल्या, रोट्यांच्या जागी बोरं. सगळे हात वर! गंगाला जवळ घेतलं. रडू मलाच आलं.

१५ फेब्रुवारी

मेले! ती रोट्यांची गणितं मीच कौतुकानं म्युनिसिपालिटीच्या शिक्षण बोर्डात धाडली होती. तपासनीस बाईंना इतकी आवडली की परीक्षेला तीच विचारणार आहेत. धावत बोर्डात गेले. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, हसले — "गिनने से क्या होता है? आप तो पढ़ी-लिखी हैं." बाई लखनौला. आता कुणाच्या पाया पडू?

२५ फेब्रुवारी

परीक्षा. पहिलंच गणित रोट्यांचं. वर्ग चिडीचूप. बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. मी गंगाकडे पाहिलं — पाहायला नको होतं.

गंगा उठली. "चौदह." मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. भाऊ, बेटे, रोट्या, सगळं मोजलं तिनं. तिच्या मागून बाकीच्या उठल्या. गणित राहिलं! सगळ्या शाळांत राहिलं! संध्याकाळी घरी यांनी पेढे आणले.

५ मार्च

गंगा येत नाही म्हणून घरी गेले. तिच्या भावाला देवी आल्या आहेत. एकुलता एक. आईनं मला पाहून पाठ फिरवली. गंगा हळूच म्हणाली, "बहिनजी, उल्टा गिन दें तो नजर उतर जाएगी?"

मी हो म्हणाले.