ठाण्यातलं इटालियन जेवण

आत्या, ठाण्यातलं ते इटालियन हॉटेल आता तिथे नाही. त्या जागी चष्म्यांचं दुकान आलंय. तेव्हा केवढं कौतुक होतं त्याचं! मुंबईत त्याच्या बऱ्याच शाखा होत्या, आपल्या बाजूला पहिल्यांदाच आलेलं, रविवारी दाराबाहेर रांग लागायची. माझ्या कॉलेजातल्या मुली एकदा जाऊन आल्या की आठवडाभर तेच सांगायच्या. तुला असल्या जेवणाची हौस नव्हती. तू गेलीस ती त्या गृहस्थांच्या सुनेने ती जागा ठरवली म्हणून.

पण आधीचं आधी. आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. तू महिनाभरासाठी म्हणून डोंबिवलीला आलीस आणि भावाचं घर सांभाळत राहूनच गेलीस. ठाण्याच्या टेलिफोन ऑफिसातली तुझी नोकरी, माझ्या शाळेचे डबे, बाबांच्या कारखान्यातल्या पाळ्या, या सगळ्यात तुझ्या लग्नाचं बोलणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी कॉलेजात गेले आणि ते गृहस्थ घरी यायला लागले. तुझ्याच ऑफिसातले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. टिटवाळ्याला त्यांची थोडी जागा होती, तिथली अळूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे. बोलायचे कमी, पण तुझं सगळं बोलणं चहा गार होईपर्यंत ऐकत बसायचे. आमच्या घरात तुझं कुणी इतका वेळ ऐकत नसे.

एका सकाळी आपण दोघी ओट्यापाशी कोथिंबीर निवडतोय. तू मान वर न करता म्हणतेस, "अगं, मला एकाने विचारलंय."

"काय विचारलंय?"

"तेच. विचारतात ते."

पन्नाशीला आलेली तू, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेलीस. बाबांना सांगितलं तर ते उठून खिडकीशी गेले, आणि आपल्याकडे पाठ करूनच म्हणाले, "फार आधी व्हायला हवं होतं हे." त्यांच्या मुला-सुनेने भेटायला बोलावलं तेव्हा मात्र बाबा म्हणाले, "मला असल्या ठिकाणी बोलता येत नाही, तू जा आत्याबरोबर." म्हणून मी आले. तू मोतिया रंगाची नारायणपेठ नेसलीस, दोनदा सोडून पुन्हा नेसलीस.

आत लाल चौकड्यांची टेबलं, छताला प्लास्टिकची द्राक्षं, आणि एवढा गोंगाट की शेजारच्याशीही ओरडून बोलायचं. मुलाने कुणालाच न विचारता सगळ्यांसाठी मागवलं. पिझ्झा कडेने करपलेला, मधे ओला. पास्ता दाताखाली कच्चा लागत होता आणि त्यावरचा पांढरा सॉस खळीसारखा घट्ट होत चाललेला. तू एक घास खाल्लास, दुसरा काट्याला लावून तसाच ठेवलास. सून गोड होती बोलायला. "काकू, बाबांना सोबत हवी हे आम्हाला पटतं हो," ती म्हणाली, "पण लग्नच कशाला? तुम्ही येत जा ना घरी, आम्ही कुठे नाही म्हणतोय?" मग पोटावर हात ठेवून हसली. "आणि आता हे. एकाच वर्षी माझं डोहाळजेवण आणि सासऱ्यांचं लग्न. लोकांना काय सांगायचं आम्ही?"

मुलगा म्हणाला, "स्पष्ट बोलतो, रागावू नका. आईची जागा आम्हाला कुणाला द्यायची नाहीये."

तू त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. तू त्यांच्याकडे बघत होतीस. मीही बघत होते. ते ताटलीत बघत होते. आता बोलतील, आता बोलतील, असं वाटत राहिलं. शेवटी त्यांनी मान जराशी वर केली, तीही मुलाच्या दिशेने नाही आणि तुझ्या दिशेनेही नाही, आणि म्हणाले, "खाऊन घ्या. पास्ता गार होतोय."

तू कागदी रुमालाने ओठ टिपलेस. "मुलं बरोबर बोलतायत," म्हणालीस, आणि सुनेला कितवा महिना ते विचारलंस. तिला आंबट खावंसं वाटतं का, झोप लागते का, सगळं विचारलंस. निघताना दाराशी उभ्या मॅनेजरने हसून विचारलं, "मॅडम, जेवण कसं वाटलं?" तू थांबून म्हणालीस, "मीठ कमी होतं हो."

घरी आल्यावर साडी न बदलताच तू भाताचा कुकर लावलास. वरणभात कालवून ओट्याशी उभ्यानेच खाल्लास, परत वाढून घेतलास. "भूक लागलेली गं," म्हणालीस. मग खरकटा हात तसाच धरून कितीतरी वेळ उभी राहिलीस. "त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं," तू म्हणालीस. "माझ्याकडे बघायचं तरी." एवढंच. मग हात धुतलास. पुढे कल्याणच्या ऑफिसात बदली मागून घेतलीस. त्यांचं नाव आपल्या घरात पुन्हा निघालं नाही. तुझं मन दुखलंय हे मी ओळखून होते. काही वर्षांनी तू आजारी पडलीस आणि गेलीस, तेव्हा त्यांना कळवायचं कुणाला सुचलं नाही.

परवा ते मला डोंबिवलीत औषधांच्या दुकानात दिसले. खूप थकलेत, हात थरथरतो. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "आत्या काय म्हणतायत?"

आत्या, मी म्हटलं, "बरी आहे."

ते केवढे हसले! "नमस्कार सांग माझा," म्हणाले. मी हो म्हटलं, त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं. मला राग यायला हवा होता. घरी येईपर्यंत वाट पाहिली, आला नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून आणखी एक लिहूनच टाकते. आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात. त्या वर्षी घरात कुणी नसलं की मी आरशासमोर उभी राहून हा शब्द मोठ्याने म्हणून बघायचे.