माझा मंगलकलश आणि गोरक्षची सुगडं

११ डिसेंबर १९७२, सोमवार
संकल्प: रोज लिहायचे. मन स्वच्छ राहते.
सरकारच्या कार्यानुभव योजनेत आमच्या हायस्कुलात आठवीला कुंभारकाम सुरू झाले. शिकवणार ड्रॉइंगचा गोरक्ष. बेलबॉटम पँट, कानांवर केस. मुले त्याच्या शेडभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी. मला काय त्याचे? मत्सर माझ्या स्वभावात नाही.
मधल्या सुट्टीत शेडवरून दोनदा गेलो. हौदावर पाणी प्यायला. हौद या दुष्काळात महिनाभर कोरडा आहे, हे मागाहून आठवले.

१३ डिसेंबर, बुधवार
हेडमास्तर आप्पासाहेबांनी बोलावले. पुढच्या वर्षी नववीला संस्कृत आणि कुंभारकाम यांचे तास एकाच वेळी, म्हणून मुलांनी एकच निवडायचे. भोगीच्या दिवशी नावे द्यायची. संस्कृतला दहा नावेही आली नाहीत तर माझा वर्ग बंद, आणि मला शिकवायला भूगोल.
म्हणालो, काळजी नसावी.
भूगोल! भिंगार सोडून मी फार तर जामखेडला गेलो असेन, आणि तेही सासुरवाडी म्हणून.

१६ डिसेंबर, शनिवार
गोरक्षचा प्रकल्प कळला. प्रत्येक मुलाने संक्रांतीची सुगडं स्वतः करून घरी न्यायची. स्टाफरूममध्ये वाहवा. बोटभर उंचीच्या मडक्यांचे एवढे काय, कळत नाही.
चांगुणा ही माझी एकमेव विद्यार्थिनी जी शब्दरूपे न अडखळता म्हणते. तीही कोपरापर्यंत चिखलात. विचारले, हे काय? म्हणाली, लई मजा येती सर. माझ्या तासाला मजा आल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

१८ डिसेंबर, सोमवार
उपाय सापडला. सर्व सुगडांच्या मधोमध शोभेल असा मंगलकलश स्वहस्ते करायचा. भोवती सुभाषित कोरायचे. मुलांच्या डोळ्यांपुढे संस्कृत आणि माती यांचा संगम. नावे आपोआप येतील.
गोरक्षने माती मळून दिली, चाकही देऊ केले. चाक नाकारले. उपकार किती घ्यायचे? हातानेच थर चढवले. भिंत चांगली जाड ठेवली. आतला विचार वजनदार आहे. सौ. म्हणाली, जातं करताय का? दुर्लक्ष केले.

२६ डिसेंबर, मंगळवार
कलश अप्रतिम. किंचित डावीकडे झुकतो. विनय.
अडचण पंचांगाची. पाच तारखेला पौष लागतो; पौषात नव्या कामाला हात लावत नाहीत. मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार अमावास्येचा, तोही बाद. म्हणजे भट्टी परवाच्या गुरुवारी. आप्पासाहेबांना मुद्दा पटला. गोरक्षला नाही. त्याचे म्हणणे, सुगडं बारीक, ती वाळली. कलश आतून ओला आहे, जाळात फुटेल, पुढच्या भट्टीत घालू. पुढची भट्टी म्हणजे पौष! डाव ओळखला.
चांगुणाने कलशाला गाल लावून पाहिला. "गार लागतोय सर. वला हाय अजून." तिला समजावले की शीतलता हा कलशाचा गुणच आहे.

२८ डिसेंबर, गुरुवार. सकाळ
भट्टी रचली. गोरक्ष म्हणाला, निदान कडेला ठेवू, काही झालं तर पोरांच्या सुगडांना लागायला नको. मंगलकलश कडेला नसतो, असे सांगून मधोमध ठेवविला. मी ज्येष्ठ आहे.

सायंकाळ
दुपारी मोठा आवाज झाला. छावणीत लष्कराचा तोफांचा सराव असावा, असे मी सर्वांना सांगितले. पण धूर आपल्याच शेडमागून येत होता.
कलश फुटला. आजूबाजूची सगळी सुगडं घेऊन फुटला. मुले खापऱ्यांकडे बघत उभी. चांगुणा रडली. गोवऱ्यांचा धूर फार होता.

२९ डिसेंबर, शुक्रवार
दोष गोवऱ्यांचा. हे आप्पासाहेबांना सांगायला गेलो तर गोरक्ष आधीच आत. बाहेरून ऐकले. म्हणत होता, "जाळ माझ्याकडनं जास्त झाला. पंडित सरांचा काही दोष न्हाई."
रात्रभर झोप नाही. हा मोठेपणा मला सुचणारच होता. त्याने आधी लाटला.

१० जानेवारी १९७३, बुधवार
मुलांनी सुगडं पुन्हा केली. पाणी घरून तांब्या-तांब्याने आणले. पौषात भाजली. एकही फुटले नाही. शास्त्राला अपवाद असतात.
संध्याकाळी नगरच्या बाजारातून नकाशांचे पुस्तक आणले. सहज. घरात असावे.

१३ जानेवारी, शनिवार. भोगी
नावे आली. आठवीचा अख्खा वर्ग संस्कृतला!
सौ.ला म्हणालो, शेवटी वाणीचे तेज लपत नाही. तासाला छोटेसे भाषण केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.
मग चांगुणाला विचारले, तुला कुंभारकाम सोडवले कसे? "सोडलं न्हाई सर. गोरक्ष सरांनी त्यांचा तास शाळा सुटल्यावर ठेवलाय. म्हनले, आता दोन्ही घ्या, पंडित सरांचा वर्ग बंद पडाया नको."
नकाशांचे पुस्तक परत घेत नाहीत.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत
मुले घरी सुगड देऊन गेली. गोरक्षचेच काम दिसत होते, नाजूक. सौ.ने पूजा करून ते तुळशीपाशी ठेवले, आत तीळ, बोरे, हरभरा. शेजारी एक मोठी खापरी, तिच्यात पाणी. निरखून पाहिले तर काठावर माझे सुभाषित, अर्धे.
ही कुठली, विचारले. म्हणाली, "गोरक्ष भावजींनी आणून दिली. तुमची आठवण म्हणून जपून ठेवली होती त्यांनी."
ओट्यावर बसून राहिलो. चिमण्या माझ्या खापरीवर ओळीने बसल्या होत्या, एकही जागा रिकामी नाही. तेवढे पाहून बरे वाटले.
मग नीट पाहिले. चिमण्या गोरक्षच्या सुगडातले तीळ खातात आणि इकडे फक्त पाणी प्यायला येतात.