तव्यावरचं इंजिन

आबा, तुमची इटली चालू झाली. आधी हे सांगते, मग बाकीचं. घोळवून बोलायचं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दसऱ्याच्या दिवशी, माझ्या गिरणीच्या दारात, सगळ्यांच्या समोर चालू झाली. हा कागद जाड आणि तपकिरी दिसतोय, तो गॅस्केटचा आहे. इंजिनाच्या दोन पेट्यांच्या मधे तेल गळू नये म्हणून घालतात, तो. कापून उरला त्याच्यावर लिहिते आहे. घरात वही नाही असं नाही, पण तुम्हाला वहीत लिहावंसं वाटेना. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, त्यात हाताला तेल. लागेल तसं वाचा.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. मी लहान, फ्रॉकातली. घाटनांदूरच्या स्टेशनावर रेल्वेच्या डब्यातून एक मोटारसायकल उतरते. आडत दुकानदाराच्या पोरानं हैदराबादहून आणलेली, थेट इटलीत बनलेली. लाल टाकी, आणि आवाज असा की कढईत फुटाणे फुटतायत. तिचं खरं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून गाव तिला इटलीच म्हणायला लागलं. त्या पोराची हौस एका उन्हाळ्यात फिटली. पडला, पुन्हा पडला, मग जीप घेतली आणि गाडी तुमच्या दुकानात आणून लावली. "मिस्त्री, असू द्या तुमच्याकडंच," म्हणाला. त्या दिवशी तुम्ही जेवायलाच आला नाहीत. माय भाकरी घेऊन दुकानात गेली तर तुम्ही टाकी पुसत बसलेले. "आणली का सवत माझ्या उरावर?" माय म्हणाली, आणि तेव्हापासून मायच्या तोंडी ती सवतच राहिली.

बाजाराच्या दिवशी तुम्ही तिला नुसता आवाज ऐकायला चालू करायचात. एकदा तुम्ही चहाला गेलात आणि मी किकवर चढले. सगळा जीव एकवटून लाथ हाणली. किक उलटी आली, नडगीवर बसली आणि मी खाली. तुम्ही धावत आलात, आधी किक बघितली, मग माझा पाय. मला वाटलं, आता मार बसतो. तुम्ही म्हणालात, "लाथ मारून कोण उठतं का गं? तू उठशील का? पायानं हळू दाबत जायचं. एका जागी ती अडती. तिथं थांबायचं. मग उठवायचं." वर म्हणालात, "हात चांगला हाय तुझा, पर घाई लई." नडगीवरची खूण अजून आहे. घाई पण आहे.

लग्नात तुम्ही माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली दहा-अकराचा पाना ठेवलात. सांगितलंही नाहीत. सासूबाईंनी सगळ्या बायकांच्या समोर पेटी उघडली आणि पाना शेपटी धरून उंदीर उचलावा तसा उचलला. "पोरगी दिली का फिटर दिला?" मी म्हणाले, "दोन्ही." नव्या नवरीनं असं बोलायचं नसतं म्हणे. पुढं त्याच पान्यानं मी पिठाच्या गिरणीचे बोल्ट आवळले, आणि आता नांदूरघाटातल्या बायका पंखा बिघडला तरी माझ्याकडं येतात. घाटनांदूरची पोरगी नांदूरघाटाला, "नाव उलटं केलं की सासर," असं तुम्ही मांडवात प्रत्येकाला गाठून सांगत होतात आणि तुमच्या विनोदाला तुम्हीच हसत होतात. मला तेव्हा लाज वाटली. आता मीच सांगते लोकांना.

तर ऐका. धाकट्यानं, म्हणजे तुमच्या बीडच्या चिरंजीवानं, तुमच्या दुकानाची पत्र्याची शेड पाडायची ठरवली. तिथं मायला पक्की खोली बांधतोय, चांगलंच करतोय. फोनवर म्हणाला, "आक्का, शेडमधलं सगळं भंगारवाला उचलतोय." मी म्हणाले, "इटली पण?" "कुठली इटली? सांगाडा हाय तो. आबांनी इंजिन खोललं आणि गेले. आर्धं डब्यात, आर्धं कुठं ते देवाला ठावं." माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू करून दाखवते." तो हसला. "दसऱ्यापर्यंत चालू झाली तर तुझी. न्हाई झाली तर भंगारवाला तुझ्या दारातनं उचलंल." "उचलू दे," म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं आपण काय बोलून बसलो. गिरणीत ज्वारी संपून नुसती जाती घासत होती.

गाडी आणायला टेम्पो घेऊन गेले. सांगाडा चढवला, डबे चढवले, आणि बघते तर माय पुढच्या सीटवर. पायाशी तिच्या सैपाकाच्या गोण्या. "माय, तू कुठं?" तर म्हणते, "सवत चालली, मी एकटी इथं काय करू? शेड पाडणारंय तुझा भाऊ." अशी तुमची दोन्ही बायकांची वरात नांदूरघाटाला आली. आमच्या ह्यांनी दारात टेम्पो बघितला, आधी गाडी बघितली, मग त्यांच्या सासूबाई बघितल्या, आणि गिरणीतली पोती सरकवून जागा केली. माणूस बोलत नाही, पण जागा करतो.

डबे उघडले. एका डब्यात मेणकागदाच्या पुडीत नवं बेअरिंग होतं. तुम्ही कुठून कुठून निरोप धाडून मागवलेलं. ते आलं आणि तुम्ही गेलात. पुडी तुम्ही फोडलीही नव्हती. मी ती तशीच पदराला पुसून देव्हाऱ्यात ठेवली. बाकी जे हातात येईल ते रॉकेलात धुतलं. टाकीतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर बारीक खडे घालून दोन्ही हातांनी घुसळली. दळायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "ताक करतीस का गं?" मी म्हणाले, "हो, लोणी आलं की देते." सगळं लागत गेलं, पण क्लचचं भांडं सापडेना. तुमच्या दुकानात उमेदवारी केलेले चाचा आता अंबाजोगाईला आहेत ना, लेथवाले, त्यांच्याकडं गेले. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. किकच्या दांड्याचा झिजलेला बुश त्यांनी नवा करून दिला, पण क्लचला हात जोडले. "ये लेथ पे नै बनता गे बेटी. कटोरी जैसा रहता, किनारे पे दाते. ढूंड. उसके बगैर तेरी इटली हिलती नै." आणि निघताना म्हणाले, "तेरा बाप बोलता था, पोरी का हात सोना है, सिर में चूल्हा जलता."

चूल म्हणाले म्हणून नाही, पण तसंच तापल्या डोक्यानं घाटनांदूर गाठलं. अर्धी पाडलेली शेड उकरली. गवंडी म्हणाला, "बाई, हंडा पुरलाय का बापानं?" काही नाही मिळालं. घरी आले, दसरा तोंडावर, डोकं फिरलेलं. फोडणी टाकायला मायची करडीच्या तेलाची बरणी उचलली, आणि बरणीच्या खाली बघते तर वाटीसारखं, कडेला दाते. तेलानं चिंब, चकचकीत. "माय, हे काय?" "बरणीची बैठक." "कुठनं आणलीस?" "तुझ्या बापाच्या डब्यातनं. बरणी डुगडुगायची. ही अशी बसली की बसली." "अगं, ह्याच्यासाठी घाटनांदूर उकरून आले मी!" माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मला इचारलंस का? तू इचारतीस कवा? नुसती पळतीस." आबा, तुमचे सगळे पार्ट गंजले होते. हे भांडं सोडून. इतकी वर्षं बरणीतून ओघळणारं करडीचं तेल त्याच्या अंगावर पडत होतं. मायनं तुमच्या सवतीला रोज तेल लावलं आणि तिला पत्ताच नाही. मी हसत सुटले. मायला कळेना मी कावून हसते, मग तीही हसायला लागली आणि भाकरी करपली.

मग बेअरिंगचा दिवस. इंजिनाची अर्धी पेटी मांडीवर, देव्हाऱ्यातली पुडी फोडलेली. बेअरिंग त्याच्या खड्ड्यात बसेना. केसभर मोठं. दळणाला रांग लागलेली, बाहेरून बायकांचा गलका, "आगं, पीठ देतीस का इंजिन देतीस?" मी हातोडा उचलला. ते एकच बेअरिंग होतं. चिरलं असतं तर दुसरं नव्हतं, आणि मग भंगारवाल्याला दार मीच उघडून दिलं असतं. हे मला कळत होतं, तरी हात वर गेलेला होता. तेवढ्यात मागून माय म्हणाली, "हातोडा ठेव. तवा देऊ का?"

आणि एकदम मी घाटनांदूरच्या आपल्या जुन्या सैपाकघरात आहे, फ्रॉकातली. तुम्ही भाकरीच्या तव्यावर कुणाच्या तरी स्कूटरच्या इंजिनाची पेटी तापत ठेवलीय. माय भांडते आहे. "तव्यावर इंजिन? उंद्या चुलीत टायर घालशीला!" तुम्ही बोटानं पाण्याचा थेंब टाकता. थेंब नुसता पसरतो. "अजून न्हाई," म्हणता. पुन्हा टाकता. थेंब उड्या मारत नाचतो. "आता." बेअरिंग दोन बोटांनी वर धरता आणि सोडता. तापून खड्डा केसभर पसरलेला असतो, ते आपल्या वजनानं आत जातं, ठक्क. तुम्ही माझ्याकडं बघता, जसं काही मीच केलंय. मायचा तवा त्या दिवशी काळा झाला होता, आणि नवा आणेपर्यंत तिनं तुम्हाला ऐकवलं होतं.

त्याच मायनं परवा आपल्या हातानं तवा चुलीवर ठेवला. मी पेटी ठेवली. आम्ही दोघी समोर बसलो. मी थेंब टाकला, पसरला. "थांब," माय म्हणाली. "थांबलेय की." "थांबलेली अशी दिसतीस का?" बाहेर बायका ओरडत होत्या, पण पुन्हा टाकला तो नाचला. बेअरिंग सोडलं. ठक्क. आबा, मी उठून नाचले असते, पण गुडघे दुखतात. मायनं तव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हा बी गेला."

दसऱ्याला धाकटा आला, बायकोला घेऊन. गाडी दारात उभी, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. टाकी पुन्हा लाल केलीय, ह्यांनी. रंग लागला तिथं ह्यांची बोटं दिसतात, पण मी काही बोलले नाही, ह्यावरून समजा मी किती खूश होते. गल्ली जमलेली. धाकटा फोन दाखवून म्हणतो, "लावू का भंगारवाल्याला?" मी किकवर पाय ठेवला. हळू दाबत गेले. एका जागी अडली. थांबले. "आक्का, कावून थांबलीस? पेट्रोल संपलं का?" "गप ए." उठवली. नुसती खोकली. गल्ली हसली. पुन्हा हळू दाबली, पुन्हा थांबले. मला लाथ मारावीशी वाटत होती, देवाशपथ. मारली नाही. उठवली, आणि फुटाणे! तेच फुटाणे, आबा. कोंबड्या उडाल्या, गिरणीच्या पत्र्यावरचं पीठ खाली सांडलं. धाकट्यानं फोन खिशात घातला. तो लहान होता तेव्हा, त्याला आवाज आठवत नाही. "असाच होता?" त्यानं विचारलं. "असाच." त्यानं तिथंच गवंड्याला फोन लावला. "खोलीचं दार रुंद ठेवा. मोटारसायकल आत आली पायजे." मी म्हणाले, "गाडी माझी आहे." "असू दे की. माहेराला तरी येईल का न्हाई?"

मग मी बसले. ह्यांची मोटारसायकल मी चालवते, दळणाची पोती नेते, त्यात काय मोठं. पण तुमच्या इटलीचं सगळं उलटं, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तुम्ही सांगितलं होतं, मी विसरले. वळणावर ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला, तो गिअर, आणि गाडी थेट शेजाऱ्यांच्या सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात. मी भुसकटात, गाडी भुसकटात, आणि इंजिन चालूच. शेजारीण म्हणाली, "मळणी आमची झालीय गं बाई!" केसांत अजून भुसा निघतो.

गाडी बाहेर काढली, आणि बघते तर माय पदर खोचून उभी. "मला बसव." "पडशील." "तुझ्या बापानं म्हणलं होतं, चालू झाली की तुला स्टेशनापतोर नेतो. स्टेशन न्हाई तर एष्टी स्टँड." मायला एका बाजूनं बसवलं. तिनं माझ्या कमरेला असा विळखा घातला की श्वास घेता येईना. एसटी स्टँडापर्यंत गेलो, वळलो. रस्त्यात सगळ्यांना माय सांगत होती, "आमची इटली हाय! हिच्या बापाची!" घराचं दार आलं. "बास, थांबव आता," माय म्हणाली. मी ओरडले, "माय, ब्रेक लागंना! धर घट्ट!" आणि दारावरून तशीच पुढं, पुन्हा स्टँडपर्यंत. माय आधी ओरडली, मग शिव्या दिल्या, मग इतकी हसली की तिचं हसू माझ्या पाठीत कळत होतं.

आता थांबते, दळणाला लोक आलेत. हा कागद पान्याच्या डब्यात ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार? पुढं कधी गॅस्केट गेली तर ह्याचीच कापीन, म्हणजे तुम्हाला इंजिनात बसून वाचता येईल. आणि एक, मायला सांगू नका. ब्रेक लागत होता.