सहा दसऱ्यांचे टायर

तेलगाव,
मंगळवार, २३ एप्रिल २०१९

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट खोटी लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. टायरांबरोबर पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं की चारही टायर मागच्या वर्षीचे आहेत आणि तारीख मी स्वतः बघितली आहे. तेव्हा मी तारीख बघितली नव्हती. बाबांनीही मागच्या वर्षीचे असं काही सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "कोरे हायेत. एकदाबी रस्त्याला लागले न्हाईत." मागचं वर्ष ही माझी भर. लिहिताना हात जराही थांबला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

काल फोनवर मी तुला म्हणाले की गाडी घेऊन पुण्याबाहेर जाऊ नकोस. तू हसलास आणि कारण विचारलंस. तेवढ्यात बाबा दुकानात आले आणि मी फोन ठेवला. बाबा आले नसते तरी मला नीट सांगता आलं नसतं. घाबरले की मी भराभर बोलते आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं गाळते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. उद्या सकाळी राधाकिशनकाकांचा टेंपो परत पुण्याला निघतोय, त्यांच्याकडे हे पत्र देईन. तुझ्याच हातात द्या, वहिनीकडेही नको, असं त्यांना बजावून सांगणार आहे.

तू मार्चमध्ये विचारलं होतंस की लाल गाडीचे टायर झिजलेत, कोणते घेऊ. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. दुकानात दिवसभर पाण्याच्या टँकरचे पंक्चर काढायचे आणि ट्रॉलीच्या टायरांना ठिगळं लावायची, एवढंच चाललंय. यंदा उसाच्या ट्रॉल्याही नाहीत, कारखान्याला ऊसच नव्हता. त्यात कुणीतरी वेगवान गाडीच्या उन्हाळी टायरांबद्दल विचारतंय म्हणून मी तीन दिवस वाचत बसले. बाबांनी मागून डोकावून बघितलं आणि म्हणाले, "उन्हाळी टायर? मग आपल्याकडं दुसरे कुठले असतेत बे?" मला बे म्हणाले म्हणजे खुशीत होते. मी समजावून सांगितलं की थंड मुलखात बर्फासाठी वेगळे टायर असतात, आणि ह्या टायरांचं रबर मऊ ठेवलेलं असतं, तापलेल्या रस्त्याला ते धरून राहतं, वेगात वळताना आणि ब्रेक लावताना गाडी सुटत नाही. ते म्हणाले, "मऊ तर लवकर झिजणार." मी म्हटलं, हो, झिजतात. ते म्हणाले, "मग कावून घ्यायचे?" ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

मी दोन टायर निवडून ठेवले होते. एकाची पकड जास्त, पण बाजू फार पातळ. दुसऱ्याची पकड थोडी कमी, पण बाजू जाड, खड्ड्यात रिम वाचवेल. नगर ते बीड आणि बीड ते तेलगाव हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून मी तुला दुसरा घे असं सांगणार होते. चारही एकाच जातीचे, एकाच वेळचे, आणि टायराला किती वेग झेपतो ते सांगणारं अक्षर आत्ताच्या टायरांवर आहे त्याच्या खालचं नको. एवढं सगळं लिहून काढलं होतं. मग संध्याकाळी बाबा शिडी घेऊन माळ्यावर चढले आणि पोत्यात गुंडाळलेले चार टायर एकेक करून खाली सोडले. दोनशे पंचवीस, चाळीस, अठरा. तुझ्याच गाडीचं माप.

मी विचारलं की माप तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, "दिवाळीत बघितलं." दादा, तू दिवाळीत ज्या दिवशी न जेवता निघून गेलास, त्याच दिवशी. चार लोकांपुढे ते तुला बोलले ना, की जनावरं छावणीला न्यायची वेळ आलीय आणि हा जमिनीला टेकणारी गाडी मिरवायला आलाय. त्याच्या आधी, तू आंघोळीला गेला होतास तेव्हा, मी त्यांना तुझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवं बसलेलं बघितलं होतं. मला वाटलं काही खोट काढतायत. ते माप वाचत होते. आणि पाच महिने ते वाट बघत होते की तू विचारशील. तू मला विचारलंस.

हे टायर कुठून आले ते तुला ठाऊक नसेल, तेव्हा तू पुण्यातच होतास. बाबा ऊस वाहतूकदारांच्या संस्थेत स्टोअरकीपर होते तेव्हाचे आहेत. ट्रॉल्यांच्या टायरांबरोबर चेअरमनच्या पुतण्याच्या गाडीसाठी हे चार मागवले होते. ते येईपर्यंत त्यानं गाडीच विकली. मग ते तिथंच पडून राहिले. दोन हजार पंधराच्या दुष्काळात संस्था बंद पडली, सभासदांनी उपयोगाचं ते ते नेलं, आणि कुणाच्याच ट्रॉलीला बसणार नाहीत म्हणून हे चार बाबांनी घरी आणले. आई म्हणाली होती की ह्यांचं काय करायचं, झोके बांधायचेत का. बाबा म्हणाले होते, असू दे, चांगली वस्तू आहे.

मी टायर बघितले तर काळेभोर, चकचकीत. खाचांत आगपेटीची काडी घालून खोली बघितली, पूर्ण. आपल्याकडे टायर असाच बघतात, ट्रॉलीचा असाच बघायचा असतो, आणि मीही तसाच बघितला. एवढं वाचून, एवढं लिहून काढून. मी काडीवरच थांबले ते तारीख कुठं वाचायची हे मला माहीत नव्हतं म्हणून नाही. दिवाळीनंतर पहिल्यांदा बाबा तुझ्यासाठी काहीतरी करत होते आणि मला त्यात खोट सापडायला नको होती, म्हणून.

आता पुढचं. शुक्रवारी, बारा तारखेला, राधाकिशनकाकांच्या टेंपोत टायर चढवले. चढवण्याआधी बाबांनी प्रत्येक टायर फडक्यानं पुसला. काका म्हणाले, "सुंदरराव, नवरदेवाला बी इतकं पुसत न्हाईत. वरात कुठं निघाली?" बाबा म्हणाले, "पोराच्या गाडीला चाललेत. तिथं कुणी म्हणायला नको की तेलगावहून धूळ आली." दिवाळीनंतर त्यांच्या तोंडून पोरगा हा शब्द मी ऐकला नव्हता. मग ते काकांना म्हणाले, "ही चकाकी उगं न्हाई. स्टोअरात होते तवापासून दर दसऱ्याला डिझेलच्या फडक्यानं पुसलेत. सहा दसरे झाले." आपल्या घरातला दसरा तू जाणतोसच. पाना, जॅक, हवेचा पंप, सगळं डिझेलनं पुसून, हळदीकुंकू लावून पाटावर मांडायचं. टायरही त्यातच. लोखंडाला ते चांगलं. रबराला नाही, दादा. रबराला जपणारं जे आतून वर येत असतं तेच डिझेल धुऊन नेतं, वर काळं चकचकीत राहतं आणि आतून रबर मरतं. हे मी महिन्याभरापूर्वीच वाचलं होतं.

मी तिथं उभी होते. चौथा टायर वर देताना तो उलटा फिरला आणि लांबट चौकटीतले चार आकडे माझ्या तोंडासमोर आले. दोन, तीन, एक, तीन. दोन हजार तेराचा तेविसावा आठवडा. आणि खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा, ज्या आधी मला धूळ वाटल्या होत्या. तुला लिहिलेलं पत्र तेव्हा अजून माझ्याच हातात होतं. मी ते उघडून एक ओळ खोडू शकले असते. मी ते काकांना दिलं.

म्हणजे पहिल्यांदा मी न बघता बघितलं म्हणून लिहिलं, आणि मग बघून गप्प राहिले. आज अकरा दिवस झाले. ह्या अकरा दिवसांत मी रोज स्वतःला सांगितलं की तू ऑफिसला दुचाकीवर जातोस, गाडी खाली उभीच असते. मग परवा वहिनीचा आईला फोन आला की टायर बसवले, गाडी कशी झकास दिसतेय, आणि बाळाचं जावळ करायला पाच मेच्या रविवारी ह्याच गाडीनं येतोय. आईनं लगेच बाबांना सांगितलं. बाबा जेवून उठल्यावर दारापासून रस्त्यापर्यंतचे दगड उचलत बसले, गाडी खाली घासू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला.

मे महिन्यात डांबर किती तापतं ते तुला सांगायला नको. सहा वर्षांचं असं रबर मऊ राहिलेलं नसतं, ब्रेक लावलास तर गाडी तुला वाटतं त्याच्या पुढं जाऊन थांबेल. आणि भर वेगात, भर उन्हात, वरचा थर सुटून निघूही शकतो. निघेलच असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही तेवढं मी आता लिहिणार नाही. पण मागच्या सीटवर बाळ असेल. माझं ऐक, हे चारही टायर काढ. जुने झिजलेले ठेवले असशील तर तेही लावू नकोस. जाड बाजूचे, वर लिहिलेत तसे, घे, आणि दुकानदाराला आकडे दाखवायला सांग, स्वतः खाली बसून वाच.

तुला आठवतं का, मी शाळेत जायच्या आधीच मला आकडे येत होते. आईनं अक्षरं शिकवली चुलीपुढं, पण आकडे बाबांनी शिकवले, स्टोअरमध्ये, टायरांच्या बाजूंवरून बोट फिरवून. ते वाचायचे आणि मी पाटीवर लिहायचे. एकदा मागच्या रांगेतला टायर हाताला येत नव्हता म्हणून मी पुढच्यावरचाच आकडा लिहिला. त्यांनी पाटी पुसली आणि मला कडेवर घेऊन त्या मागच्या टायरापाशी नेलं. म्हणाले, "हात लावल्याबिगर लिहायचं न्हाई, बाई." रागावले नाहीत. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

तू आता काय करशील ते मला कळतं. चिडशील. बाबांना फोन करून म्हणशील की सडके टायर पाठवले, किंवा फोनच करणार नाहीस आणि जावळ पुण्यातच उरकशील. दोन्हींत बाबांना एकच कळेल, की त्यांचं काहीच तुझ्या घरात चालत नाही. त्यांनी सहा वर्षं जपलेली वस्तू त्यांच्याच जपण्यानं खराब झाली हे त्यांना कधीतरी सांगावंच लागेल. दुकानात उद्या दुसऱ्या कुणाच्या टायरालाही ते डिझेलचं फडकं लावतील. पण ते तुझ्याकडून त्यांनी ऐकू नये. तुझ्याकडून ऐकलं तर ते भांडण होईल. माझ्याकडून ऐकलं तर ती माझी चूक असेल, आणि ती आहेच.

म्हणून हे पत्र. बाबा मला पहिला प्रश्न विचारतील की तुला कधी कळलं, आणि मला माझी खात्री नाही. त्यांचा चेहरा बघून मी म्हणेन, आत्ताच, कालच कुठंतरी वाचलं. आता बारा तारीख तुझ्याकडे कागदावर आहे, ती मला बदलता येणार नाही. तू एवढंच कर, शनिवारपर्यंत बाबांना फोन करू नकोस, आणि पाच तारखेला नक्की ये. नवे टायर मिळाले तर गाडीनं, नाहीतर एसटीनं, पण तिघंही या. मी त्यांना आकडे, चिरा, डिझेल आणि माझं गप्प बसणं, सगळं ह्याच क्रमानं सांगणार आहे, आई घरात असताना, शुक्रवारी, सव्वीस एप्रिलला.

तुझीच,
शिवकन्या