आडोसा

आई, पाटी देता देता उन्हाने कोसळलेल्या बाईच्या ओठांना मी तांब्या लावला तेव्हा तिच्या जावेने माझा हात धरला. "बेसुद्ध हाय ती. तोंडात नगा घालू, अंगावर वता." मग मी तिच्या डोक्यावर, गळ्यावर, साडीवर पाणी ओतत राहिलो. वर स्लॅब चालू होता. एकदा भरायला घेतला की मध्ये थांबवत नाहीत. जोड राहतो, पुढे गळतो. हे तुला सांगायला नको, तू असे कितीतरी स्लॅब डोक्यावरून वाहिलेस. पाट्या हातोहात वर जात होत्या. तिच्या जागेवर दुसरी बाई उभी राहिली होती.

सात रस्त्याजवळच्या या कामावर मी इंजिनिअर आहे. सकाळपासून तीनदा सगळ्यांना पाणी प्या म्हणून बजावलं होतं. सावलीत ड्रम होता, मीठ-साखर होती. गडी येऊन पीत होते. बाया नुसती चूळ भरून पुन्हा पाटीला हात लावत होत्या. हे मला दिसत होतं. रिक्षा येईपर्यंत मी जावेवर चिडलो, प्यायला काय झालं होतं म्हणालो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्याल्यावर जायचं कुटं, सायेब? चारी बाजूंनी बिल्डिंगा. गड्यांचं बरं असतंय, भिताडाकडं तोंड केलं की झालं."

तू कामावरून आलीस की आधी मोरीत जायचीस, मग उभ्यानेच दोन तांबे पाणी प्यायचीस. दर वर्षी तुला उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची. अजून आठवतं, मोरीतून तुझं कण्हणं ऐकू येतं आहे आणि मी पुस्तक मिटून तुला सांगतो आहे की, तू पाणी कमी पितेस, आम्हाला शाळेत शिकवलंय. तू धण्याचं पाणी गाळत होतीस. "शिक की," एवढंच म्हणालीस.

दवाखान्यात तिला तपासून डॉक्टर म्हणाले, लघवी झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही, मूत्रपिंडांवर ताण आलाय. कामावर पाणी नव्हतं का, असंही त्यांनी विचारलं. भरपूर होतं, मी म्हणालो.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहितो. ती पडली तेव्हा मी आधी वर पाहिलं होतं, मिक्सर थांबला तर नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जावेचा फोन आला. लघवी झाली, म्हणाली. थोडीच झाली.