डोलकाठीवरून दिसलेलं शीड

कॉसँड, ३ मार्च १८०८

चि. जेबेझ यास,
टॅमसिनताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही फ्रेंच जहाज पकडलंत, ही बातमी तुझ्या पत्राआधीच गावात पोचली. आता मोठा माणूस झालास, ताईला ओळख तरी देशील ना? इथे सगळं जुनंच. छप्पर गळतं, माझा खोकला हटत नाही आणि घरमालक दर शनिवारी दारात उभा.

आता नीट वाच. पकडताना आपली जी जहाजं नजरेच्या टप्प्यात असतील, त्या सगळ्यांना पकडलेल्या जहाजाच्या बक्षिसाच्या पैशात वाटा. तुझ्या भावजींचं जहाज तेव्हा दक्षिणेला होतं, असं त्यांच्याकडचे लोक सांगतात. तुमचे कप्तान म्हणतात, कुणीही नव्हतं. डोलकाठीवर पहाऱ्याला तू होतास, म्हणजे कोर्ट तुलाच विचारणार. शीड दिसलं असेल तर तसं सांग, बाबा. यांचा वाटा आला तरच हे घर राहील.

धाकट्याची माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी ताई


प्लिमथ, जहाजावरून, १९ मार्च

ती. टॅमसिनताईस,
शि. सा. न. वि. वि.

साक्ष दिली. शीड दिसलं, असं बायबलवर हात ठेवून सांगितलं. तुला म्हणून खरं सांगतो, धुक्यात काहीतरी पांढरं होतं. शीड की ढग, ते तेव्हाही कळलं नाही. म्हणूनच तर हाक दिली नव्हती. कप्तानांनी नेमकं तेच विचारलं, दिसलं होतं तर गप्प का बसलास.

आमचा वाटा आता निम्मा होणार. पंगतीतल्या लोकांनी मला उठवलं. जा, मेव्हण्याच्या जहाजावर जाऊन जेव, म्हणाले. वाटाण्याची आमटी घेऊन तोफेपाशी एकटाच बसतो. थकलो गं ताई. भावजी आले की त्यांना सांग, पहिला पेला माझ्या नावानं प्या म्हणावं.

लोभाचं म्हणशील, तर आता तुझाच काय तो उरलाय.

तुझा जेबेझ


कॉसँड, ११ सप्टेंबर

चि. जेबेझ यास,
अ. उ. आ. वि. वि.

कोर्टानं तुझी साक्ष मानली. काल वाटप झालं. मी चांगली टोपी घालून गेले होते. कारकुनानं यांचं नाव दोनदा विचारलं, मग मला बसायला खुर्ची दिली. हे तापानं गेले, जेबेझ. तुमच्या लढाईच्या चार दिवस आधीच. त्या दिवशी जहाजावर जो हजर, त्यालाच वाटा. ज्या शिडासाठी तू शपथ घेतलीस, त्याच्याखाली हे नव्हतेच.

रडून झालं. घर सोडते आहे. शेजारच्या डेबराचा नवरा यांच्याच जहाजावर आहे, त्यांना वाटा मिळाला. ती पाव घेऊन आली आणि तुझं भलं होवो म्हणाली. मला तिचा फार राग आला. पाव मात्र खाल्ला. आता तिच्याच मागच्या खोलीत राहायला जाते आहे.

तू स्वतःला बोल लावू नकोस, सांगायला मीच सांगितलं होतं. ढगाचं आता कुणाकडे काढू नकोस, माझ्याकडेही नको. सुट्टी मिळाली की आधी इकडे ये. मीही एकटीच जेवते.

तुझी ताई